सेन्सॉरशिपला साथ देणाऱ्या कंपनीवर बहिष्कार: लक्ष्य निवडण्यापासून परत येण्यापर्यंत

रागाच्या भरात ॲप काढून टाकलं म्हणजे बहिष्कार झाला असं नाही. ॲप काढणारे, कनेक्शन बदलणारे लोक रोजच असतात. कंपनीच्या हिशेबात ती नेहमीची गळती धरली जाते आणि कारण कुणी विचारत नाही. बहिष्कारात तीन गोष्टी जास्तीच्या असतात. आपण का सोडतोय हे कंपनीला लेखी कळवलेलं असतं, किती जणांनी सोडलं हे मोजलेलं असतं, आणि कंपनीने काय केलं तर परत यायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. इंटरनेट सेन्सॉरशिपच्या बाबतीत तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, कारण ब्लॉक नेमका कुणी केला आणि तो उठवणं कुणाच्या हातात आहे हेच कुणी तपासलेलं नसतं. म्हणून सुरुवात तिथून करायची.

ब्लॉक कुणी केला ते आधी शोधा

एखादी साइट उघडत नाही यामागे पाच-सहा वेगवेगळे हात असू शकतात. आदेश देणारं सरकार किंवा कोर्ट, तो अमलात आणणारी टेलिकॉम कंपनी, ॲप स्टोअर, साइट आपल्या सर्व्हरवर ठेवणारी होस्टिंग कंपनी किंवा साइटचं नाव (डोमेन) नोंदवून देणारा रजिस्ट्रार, पैसे अडवणारी पेमेंट कंपनी, आणि ब्लॉक करायची यंत्रं विकणारी कंपनी. यातली जी तुम्हाला थेट काही विकते आणि जिच्या हातात थोडा तरी निर्णय आहे, तिच्यावरच ग्राहकांचा बहिष्कार चालतो.

तपासणीसाठी ऊनी प्रोब हे मोफत ॲप वापरा. व्हीपीएन बंद ठेवा, नाहीतर तुमच्या नाही तर व्हीपीएनच्या नेटवर्कची चाचणी होईल. पत्त्यांची एकच यादी किमान तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कनेक्शनवर, दिवसातून दोन वेळा, चार-पाच दिवस चालवा. एकदाच केलेली चाचणी पुराव्यात धरू नका. साइटचा सर्व्हर बंद असणं, सर्टिफिकेटची मुदत संपणं, साइटनेच तुमच्या देशातली ट्रॅफिक नाकारणं, हे सगळं वरवर पाहता ब्लॉकसारखंच दिसतं. म्हणून तोच पत्ता दुसऱ्या देशातून उघडतो का हेही पाहून घ्या.

निकाल वाचताना ब्लॉक कसा केला आहे ते बघा. कधी डीएनएसकडून, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडून, चुकीचा आयपी पत्ता येतो, कधी साइटचं नाव दिसताच कनेक्शन तोडलं जातं, कधी सूचनेचं पान दाखवलं जातं. सगळ्या कंपन्यांवर एकाच तारखेपासून एकच साइट बंद असेल तर बहुधा वरून आदेश आहे. एकाच कंपनीवर बंद असेल तर तिने आदेशापेक्षा जास्त किंवा आदेशाशिवाय केलं असण्याची शक्यता मोठी. ही दुसरी परिस्थिती बहिष्कारासाठी सर्वात चांगली, कारण तिथे कंपनीला कुणाच्या मागे लपता येत नाही.

एक सावधगिरी. ऊनीचे निकाल देशाच्या आणि नेटवर्कच्या नावासह सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. जिथे अशी चाचणी करणंच धोक्याचं आहे तिथे स्वतः चाचणी करू नका, ऊनी एक्सप्लोररवर आधीचे निकाल आहेत का ते बघा.

साइटऐवजी पोस्ट, व्हिडिओ किंवा खातं काढलं गेलं असेल तर कंपनीने पाठवलेली सूचना जशीच्या तशी जपा. पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. ल्युमेनच्या संग्रहात अनेक कंपन्यांना आलेल्या काढून टाकण्याच्या मागण्या जमा असतात, तिथे शोधा. कंपनीचा पारदर्शकता अहवाल असेल तर त्यात सरकारी मागण्या किती आल्या आणि किती मान्य केल्या हेही मिळतं.

लक्ष्य एकच, आणि सोडता येईल असं

या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण गोडॅडीचं आहे. अमेरिकेत 26 ऑक्टोबर 2011 रोजी ‘सोपा’ (स्टॉप ऑनलाइन पायरसी ॲक्ट) हे विधेयक मांडलं गेलं; चोरीचा मजकूर रोखण्यासाठी साइट ब्लॉक करायला लावणारं ते विधेयक होतं. त्याला पाठिंबा देणाऱ्यांच्या यादीत गोडॅडी ही डोमेन विकणारी कंपनी होती. यादीत मोठमोठ्या इतर कंपन्याही होत्या, पण लोकांनी हीच निवडली. तिचे ग्राहक साइट चालवणारेच लोक होते, म्हणजे विधेयकाचा फटका ज्यांना बसणार तेच. पर्याय डझनाने होते, आणि डोमेन हलवणं हे एका बैठकीत सुरू करता येईल असं काम होतं. 29 डिसेंबर हा डोमेन हलवण्याचा दिवस म्हणून जाहीर झाला. कंपनीने 23 तारखेलाच पाठिंबा मागे घेतला. त्याच दिवशी विकिपीडियाची डोमेनं तिथून हलवणार असं विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी सांगितलं. पाठिंबा मागे घेणं आणि विरोध करणं यात फरक आहे हे लोकांनी लावून धरलं, तेव्हा 29 तारखेला कंपनीने विरोधही जाहीर केला. याच काळात तिच्याकडे नव्या नोंदण्या येतही होत्या. म्हणजे केवळ तोट्याने कंपनी हलली असं म्हणता येणार नाही, रोजच्या बातम्यांचा आणि मोठे ग्राहक जाण्याच्या भीतीचा वाटा मोठा होता. बहिष्काराची आखणी करताना हे पक्कं लक्षात ठेवा: विक्रीत टक्काभर फरक पाडण्यापेक्षा कंपनीचं नाव योग्य कारणासाठी रोज चर्चेत ठेवणं जास्त साध्य आहे.

दहा कंपन्यांची यादी काढू नका. मोरोक्कोत 2018 साली महागाईविरुद्ध बहिष्कार झाला तेव्हा लक्ष्यं तीनच होती: दूध, बाटलीबंद पाणी आणि पेट्रोल, प्रत्येकातली एक आघाडीची कंपनी. लोकांना पाणी सोडायचं नव्हतं, फक्त शेजारची बाटली उचलायची होती. शेवटी दुधाच्या कंपनीने भाव कमी केले.

उलट बाजूही बघा. जुलै 2020 मध्ये हजाराहून जास्त जाहिरातदारांनी फेसबुकवरच्या जाहिराती थांबवल्या. त्यांची मागणी वेगळी होती, द्वेषाचा मजकूर काढा अशी. पण गणित सगळ्यांना लागू पडतं. कंपनीचे जाहिरातदार 80 लाखांहून जास्त होते, आणि त्यात छोट्यांचा भरणा. त्या तिमाहीत तिचं उत्पन्न वाढलंच. कंपनीचं उत्पन्न नेमकं कुणाच्या खिशातून येतं हे आधी न बघितल्यास अशी फसगत होते. ग्राहक पैसे देत नसतील आणि जाहिरातदार विखुरलेले असतील तर लक्ष्य बदला.

ब्लॉकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांकडे तर दुकानातला ग्राहकच नसतो. ऑगस्ट 2020 मध्ये बेलारूसमध्ये निवडणुकीनंतर इंटरनेट तोडलं गेलं. त्यात सँडवाइन कंपनीची यंत्रणा वापरल्याचं उघड झालं, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीला तो करार रद्द करावा लागला. तिथे दबाव पत्रकार, हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि लोकप्रतिनिधींकडून आला. अशा कंपनीसाठी तुमचा वेळ तिचे गुंतवणूकदार आणि तिच्याकडून खरेदी करणारी टेलिकॉम कंपनी शोधण्यात घालवा.

कंपनीचं नाव पूर्ण आणि अचूक लिहा, सोबत तिचं चिन्ह द्या. एप्रिल 2017 मध्ये स्नॅपचॅटवर चिडलेल्या अनेकांनी स्नॅपडील हे खरेदीचं ॲप काढून टाकलं, त्याला वाईट रेटिंग दिलं. दोघांचा काडीचा संबंध नव्हता.

शेवटची चाचणी: ज्या पर्यायाकडे लोकांना पाठवणार, तो स्वतः तेच करत नाही ना? वरच्या चाचण्या त्याच्यावरही चालवा. सगळ्याच कंपन्या सारख्या असतील तर सोडून जाणं शक्य नसतं, मग खर्च कमी करणं हा मार्ग उरतो: छोटा प्लॅन घेणं, जादाच्या सेवा बंद करणं. मोरोक्कोतच 2016 च्या सुरुवातीला तिन्ही टेलिकॉम कंपन्यांनी व्हॉट्सॲप, स्काइप आणि व्हायबरवरचे कॉल बंद केले, तेव्हा पळायला चौथी कंपनी नव्हती. लोकांनी या कंपन्यांच्या फेसबुक पानांवरचे लाइक एकगठ्ठा काढायला सुरुवात केली. पैसा न हलताही आकडा सगळ्यांना दिसत होता. त्याच वर्षाच्या शेवटाला कॉल सुरू झाले.

मागणी: कंपनीला करता येईल अशीच

‘सेन्सॉरशिप थांबवा’ ही मागणी नाही, घोषणा आहे. ती पूर्ण झाली का हे कुणालाच सांगता येणार नाही. टेलिकॉम कंपनी परवान्यावर चालते. कायदेशीर आदेश ती सहसा नाकारू शकत नाही. पण आदेश कसा पाळायचा यात तिच्या हातात बरंच काही असतं, आणि मागणी तिथे ठेवायची.

आदेशाची प्रत प्रसिद्ध करा. ब्लॉक केलेल्या पानावर नुसती ‘एरर’ न दाखवता 451 हा कोड दाखवा. कायदेशीर कारणाने मजकूर अडवला हे सांगण्यासाठीच तो 2016 साली ठरवला गेला आहे, आणि कुणी सांगितलं हेही त्यात देता येतं. बेकायदा वाटणाऱ्या आदेशाला कोर्टात आव्हान द्या. आदेशाची मुदत संपली की त्याच दिवशी ब्लॉक उठवा. आयपी पत्ता ब्लॉक करू नका, कारण एका पत्त्यावर शेकडो असंबंधित साइट असू शकतात आणि त्या सगळ्या बुडतात.

इथे एक चूक फार जण करतात. ‘पूर्ण साइट नको, तेवढंच पान ब्लॉक करा’ अशी मागणी टेलिकॉम कंपनीकडे केली जाते. आजच्या एन्क्रिप्टेड कनेक्शनमध्ये तिला फारतर साइटचं नाव दिसतं, पुढचा पत्ता दिसत नाही. त्यामुळे ती मागणी तिला पूर्ण करताच येत नाही, आणि उत्तरात तुमचं अज्ञान दाखवून ती मोकळी होते. हीच मागणी मजकूर ठेवणाऱ्या प्लॅटफॉर्मकडे मात्र रास्त आहे: फक्त ती पोस्ट आणि फक्त त्या देशापुरती अडवा, खातं उडवू नका.

मागण्या दोन, फारतर तीन. प्रत्येकीपुढे ती पूर्ण झाली हे कसं तपासणार ते एका ओळीत लिहा.

नोटीस

बहिष्कार सुरू करण्याआधी 14 दिवस पत्र पाठवा. ग्राहक सेवेसोबतच कंपनीच्या कायदा विभागाला, धोरण विभागाला आणि कंपनी शेअर बाजारात असेल तर गुंतवणूकदारांच्या संपर्क पत्त्यावरही. पत्र एका पानात बसवा. नमुना असा:

‘आपल्या नेटवर्कवर अमुक तारखेपासून पुढील साइट उघडत नाहीत. चाचण्यांचे निकाल जोडले आहेत. याच काळात इतर दोन कंपन्यांच्या नेटवर्कवर त्या उघडत होत्या. हा ब्लॉक कोणत्या आदेशाने केला ते 14 दिवसांत लेखी कळवावे. आदेश नसल्यास ब्लॉक उठवावा. तसे न झाल्यास अमुक तारखेपासून आम्ही आपली सेवा सोडण्याचे आवाहन करू. वरील दोन्हींपैकी एक गोष्ट झाल्यास आवाहन त्याच दिवशी जाहीरपणे मागे घेऊ.’

विशेषणं नकोत. जे सिद्ध करता येतं तेवढंच लिहा. ‘संथ झाली’ आणि ‘ब्लॉक केली’ हे दोन आरोप वेगळे आहेत, आणि चुकीचा आरोप बदनामीच्या दाव्याला आमंत्रण देतो. कंपनीने या 14 दिवसांतच ब्लॉक काढला तर पुढचं सगळं वाचतं.

प्रत्यक्ष सोडताना

सोडणं अवघड झालं की लोक मध्येच थांबतात. त्यामुळे आवाहनासोबत प्रत्येक सेवेसाठी नेमक्या पायऱ्या द्या, आणि त्या आधी स्वतः करून पाहा.

डोमेन हलवणं हे यातलं सर्वात नाजूक काम. नोंदणी किंवा आधीची बदली होऊन 60 दिवस झाले नसतील तर डोमेन सहसा हलत नाही. मालकाचं नाव किंवा ईमेल आत्ताच बदलू नका, त्यानेही अनेक ठिकाणी 60 दिवसांचं कुलूप लागतं. मुदत संपायला किमान 15 दिवस शिल्लक असू द्या. जुन्या रजिस्ट्रारचेच नेमसर्व्हर (डोमेनच्या डीएनएस नोंदी ठेवणारे सर्व्हर) वापरत असाल तर सगळ्या डीएनएस नोंदी उतरवून घ्या. ए, सीनेम, एमएक्स आणि टीएक्सटी, एकही सोडू नका. एमएक्स राहिली तर ईमेल बंद पडतं, टीएक्सटी राहिली तर तुमचं ईमेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातं. डीएनएससेक (डीएनएसची उत्तरं खरी आहेत हे तपासणारी सुरक्षा व्यवस्था) सुरू असेल तर तिची डीएस नोंद काढा आणि एक-दोन दिवस थांबा. ही पायरी गाळली की नेमसर्व्हर बदलताच साइट बऱ्याच जणांना दिसेनाशी होते. मग नव्या जागी नोंदी भरा, नेमसर्व्हर बदला, 48 तास वाट बघा. सगळं चालतंय याची खात्री झाल्यावरच डोमेनचं कुलूप काढून बदलीचा कोड मागवा. सर्वसाधारण डोमेनांसाठी आयकॅन या डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार हा कोड 5 दिवसांत द्यावा लागतो. नव्या रजिस्ट्रारकडे कोड भरला की जुन्याकडे हरकतीसाठी 5 दिवस असतात, तो गप्प राहिला तरी बदली होते. भरलेलं एक वर्षाचं शुल्क वाया जात नाही, मुदतीत वर्ष वाढतं. देशांच्या डोमेनांचे नियम मात्र वेगवेगळे असतात. आणि होस्टिंग, ईमेल, सर्टिफिकेट त्याच कंपनीकडे असेल तर ते वेगळं बंद करावं लागतं, नाहीतर डोमेन गेल्यावरही पैसे जातच राहतात.

मोबाइल नंबर दुसरीकडे नेताना जुनं कनेक्शन आधी बंद करू नका, नंबरच जाईल. थकबाकी भरा, पोर्टिंगची विनंती करा आणि बँकेचे ओटीपी ज्या दिवशी लागणार नाहीत असा दिवस निवडा.

ॲपच्या बाबतीत तीन वेगळी कामं आहेत आणि बहुतेक जण एकच करतात. फोनवरून ॲप काढल्याने खातं बंद होत नाही, आणि खातं बंद केल्याने ॲप स्टोअरमधून घेतलेलं सबस्क्रिप्शन थांबेलच असं नाही. क्रम असा ठेवा: आधी स्वतःचा डेटा उतरवा, त्याला कधी काही तास तर कधी काही दिवस लागतात, मग ॲप स्टोअरमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा, मग खातं हटवा, शेवटी ॲप काढा. खातं हटवल्यावर अनेक ठिकाणी 30 दिवसांसारखी मुदत असते. त्या काळात चुकून लॉगिन केलं तर हटवणं रद्द होतं, म्हणून त्या खात्याने उघडणाऱ्या इतर साइटची लॉगिन पद्धत आधीच बदला.

सोडण्याचं कारण विचारणारी चौकट आली तर ‘इतर’ निवडा आणि सगळ्यांनी एकच वाक्य लिहा: ‘आदेश न दाखवता साइट ब्लॉक केल्या म्हणून सोडत आहे, अमुक तारखेचं पत्र पाहा.’ शेकडो नोंदींत तेच वाक्य दिसलं की कंपनीच्या आतल्या अहवालात ते वेगळं कारण म्हणून वर जातं. या एका ओळीचा उपयोग मोर्चाच्या फलकाहून जास्त होतो.

ज्यांची रोजीरोटी त्या सेवेवर आहे, ज्यांच्या गावात दुसरं नेटवर्कच नाही, ज्यांना आजारपणात तीच सेवा लागते, त्यांना पहिल्याच आवाहनात स्पष्टपणे सूट द्या. त्यांनी पत्र लिहावं, चाचण्या कराव्यात. त्यांना फितूर ठरवलं की मोहीम आतून फुटते.

मोजणी

वचन आणि कृती वेगवेगळी मोजा. समजा 5,000 जणांनी सोडतो म्हणून नोंदवलं आणि 1,800 जणांनी सेवा बंद झाल्याचा पुरावा दाखवला. जाहीर करायचा आकडा 1,800. म्हणजे महिन्याला 1,800 बिलं, वर्षाला 21,600. फुगवलेला आकडा कंपनी एका दिवसात खोटा पाडते, कारण खरा आकडा तिच्याकडे असतो.

नोंदीत नाव मागू नका. सेवा, प्लॅन आणि सोडल्याची तारीख पुरे. पुराव्याच्या स्क्रीनशॉटवर खातं क्रमांक आणि फोन नंबर झाकायला सांगा, मोजून झालं की ते पुसून टाका. जिथे अशी यादी पोलिसांच्या हाती पडू शकते तिथे यादीच ठेवू नका. आणि संपर्काचं साधन कंपनीच्या बाहेर हवं. ज्या प्लॅटफॉर्मवर बहिष्कार, त्याच प्लॅटफॉर्मवरच्या ग्रुपवर मोहीम चालवली तर एका रात्रीत ती नाहीशी होऊ शकते. ईमेल यादी आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेलं एक साधं पान, एवढं किमान.

जिथे मोहिमा फसतात

शेवटची तारीख आधीच सांगणं. जून 2023 मध्ये रेडिटवरच्या हजारो समूहांनी बाहेरच्या ॲप बनवणाऱ्यांवर लावलेल्या नव्या शुल्काविरुद्ध 48 तास बंद पाळला. हेही वादळ जाईल असं कंपनीच्या प्रमुखांनी कर्मचाऱ्यांना कळवलं, आणि शुल्क टिकलं. एक दिवस खरेदी न करणंही असंच, लोक तीच खरेदी दुसऱ्या दिवशी करतात. सुरू होण्याची तारीख द्या, संपण्याची अट द्या. सुरुवात सबस्क्रिप्शन नव्याने सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात ठेवली तर रद्द करणाऱ्यांचे पैसे वाया जात नाहीत.

ॲप न वापरता एक तारा देणारे. अशी रेटिंगं स्टोअर एकगठ्ठा काढून टाकू शकतं आणि सोबत खऱ्या ग्राहकांचीही जातात. रेटिंग द्यायचं तर वापरणाऱ्यांनीच, तारखेसह काय झालं ते लिहून.

सर्व्हरवर हल्ला. डिसेंबर 2010 मध्ये ॲमेझॉनने विकिलीक्स या गुप्त सरकारी कागदपत्रं प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेला आपल्या सर्व्हरवरून काढलं, पाठोपाठ पेपाल, मास्टरकार्ड आणि व्हिसाने तिचे पैसे अडवले. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं उघड करणारे डॅनियल एल्सबर्ग यांनी ॲमेझॉनवर बहिष्काराचं उघड आवाहन केलं; त्यांना कुणी कोर्टात खेचलं नाही. त्याच दिवसांत काहींनी पेपालच्या साइटवर ट्रॅफिकचा मारा केला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत 14 जणांवर गुन्हे दाखल झाले. मोहिमेत कुणी असं सुचवलं तर त्याच क्षणी, लेखी नकार द्या.

ग्राहक सेवेत फोन उचलणाऱ्यावर ओरडणं. निर्णय त्याचा नसतो, आणि शिवीगाळीचं रेकॉर्डिंग बाहेर आलं की बातमी तुमच्या मागणीची उरत नाही.

कायद्याचंही बघून घ्या. शांततापूर्ण बहिष्काराला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली अभिव्यक्ती म्हणून संरक्षण दिलं. फ्रान्समध्ये बहिष्काराचं आवाहन करणाऱ्यांना शिक्षा झाली होती, ती युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने जून 2020 मध्ये चुकीची ठरवली. सगळीकडे हे संरक्षण नाही, त्यामुळे आवाहनावर कुणाचं नाव घालायचं हे वकिलाला विचारून ठरवा.

मागे घेताना

कंपनी आधी गोलमोल निवेदन देईल: ‘ग्राहकांच्या भावनांचा आदर करतो, फेरविचार करत आहोत.’ यावर काहीच मागे घेऊ नका, फक्त मागणीची यादी परत पाठवा. ठोस आश्वासन लेखी आलं की पहिल्या दिवशीच्या चाचण्या त्याच पत्त्यांवर, त्याच नेटवर्कवर पुन्हा तीन दिवस चालवा. साइट उघडल्या किंवा आदेशाची प्रत आणि 451 दिसू लागलं तर त्याच दिवशी बहिष्कार मागे घेतल्याचं जाहीर करा, कंपनीलाही कळवा. अर्धी मागणी मान्य झाली असेल तर कोणती झाली आणि कोणती राहिली हे दोन वेगळ्या ओळींत लिहा, आणि राहिलेल्यासाठी थांबायचं की नाही हे सहभागी लोकांना विचारा.

ईमेल यादी मोडू नका. 30 आणि 90 दिवसांनी त्याच चाचण्या पुन्हा चालवा आणि निकाल सगळ्यांना पाठवा. ब्लॉक गुपचूप परत आला असेल तर दुसऱ्या नोटिशीला 14 नाही, 3 दिवस पुरतात.